दादा माशाला खोली केवढी?

कॉमनरूममध्ये फिश टँक बसवायचा, ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली माहीत नाही, पण निघाली ती झकास. रिमोटवरून होणारी भांडणं बघून कंटाळलेल्या जनतेला काहीतरी वेगळं बघायला मिळेल. गॅदरिंगच्या फंडातून पैसे उरलेत, रेक्टर सरांची हरकत नाही, तेव्हा टँक येणार हे नक्की. वाद आहे तो मासे कुठले, यावर. सध्या नोटीसबोर्डावर जी यादी लागली आहे ती अशी: अडीच फुटी टँक, दोन ऑस्कर, एक फ्लॉवरहॉर्न, एक जॅक डेम्प्सी, दोन पॅरट, दोन शार्क आणि काच साफ करायला एक सकर. यादीखाली बऱ्याच जणांनी सह्याही ठोकल्या आहेत.

मी सही केलेली नाही. का केली नाही, हे दहा जणांना दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हणून हा लेख. आमच्या घरी बरीच वर्षं टँक आहे, त्यामुळे हे नुसतं पुस्तकी ज्ञान नाही. आणि सांगायचं आहे ते एका ओळीत असं: टँक घेताना दुकानातल्या माशाचं माप घ्यायचं नाही, तो पूर्ण वाढल्यावर जेवढा होईल त्याचं माप घ्यायचं, आणि मासा दादा जातीचा असेल तर त्याला रूम पार्टनर द्यायचा नाही.

ही मंडळी आहेत तरी कोण?

यादीतले ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, जॅक डेम्प्सी आणि पॅरट हे सगळे सिक्लिड या एकाच खानदानातले. नाव परकं वाटलं तरी हे खानदान आपल्याला अनोळखी नाही. उजनीच्या काठावर हॉटेलात जी चिलापी खातो ती सिक्लिडच. केरळात ज्याचं एवढं कौतुक आहे तो करीमीनही सिक्लिडच. पण टँकसाठी विकले जाणारे मोठे सिक्लिड बहुतेक दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले. ऑस्कर ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. रेड डेव्हिल निकाराग्वाच्या तळ्यांमधला. जॅग्वार सिक्लिडच्या शास्त्रीय नावात तर तिथल्या मानाग्वा तळ्याचंच नाव आहे. फ्लॉवरहॉर्न मात्र कुठल्याच नदीतला नाही. १९९० च्या दशकात मलेशियाच्या बाजूला वेगवेगळ्या सिक्लिडांचा संकर करून माणसाने तो बनवला. त्याच्या डोक्यावरचं टेंगूळ जेवढं मोठं तेवढं मालकाचं नशीब मोठं, अशी समजूत पसरली आणि मासा जगभर गेला. पॅरटही असाच संकरातून आलेला. बिचाऱ्याचं तोंड धड मिटतसुद्धा नाही.

आता या मंडळींची नावंच बघा. जॅक डेम्प्सी हा १९१९ ते १९२६ या काळातला हेवीवेट बॉक्सिंगचा जगज्जेता. त्याच्यावरून माशाला नाव पडलं. दुसऱ्याचं नाव लाल सैतान, तिसऱ्याचं जॅग्वार. आणखी एकाचं नाव कॉन्व्हिक्ट, म्हणजे कैदी, कारण अंगावर जेलच्या कपड्यांसारखे पट्टे. हा जेमतेम चार-पाच इंचांचा जीव, पण अंडी घातली की आपल्या दुप्पट माशाला कोपऱ्यात दाबून ठेवतो. ही नावं हौसेने दिलेली नाहीत बॉस, अनुभवाने दिलेली आहेत.

घनाचा हिशेब

दुकानात हे सगळे दोन इंचांचे असतात. गोंडस, एका रांगेत, एकमेकांना चिकटून पोहणारे. दुकानदाराला विचारलं, "भाऊ, अडीच फुटी टँकला चालेल ना?" तर उत्तर ठरलेलं: "टेन्शन नका घेऊ, मासा टँकच्या मापानेच वाढतो." हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की दुकानाच्या लायसन्ससाठी ते पाठ करावं लागत असावं.

हे वाक्य खोटं आहे. मासा टँक बघून वाढ थांबवत नाही. घाण पाण्यात, कोंडलेल्या जागेत त्याची वाढ खुंटते, कणा वाकडा होतो, डोक्याला खड्डे पडतात, रोग जडतात आणि तो लवकर मरतो. मेसचं जेवण खाऊन एखाद्याचं वजन घटलं, तर 'मुलगा मेसच्या मापाने ॲडजस्ट झाला' असं आपण म्हणत नाही. इथेही तेच. आणि ऑस्कर तर बऱ्याचदा खुंटतही नाही. खाणं आणि पाणी नीट असेल तर सुरुवातीला महिन्याला सुमारे एक इंच वाढतो आणि वर्षभरात दहा इंचांच्या आसपास पोचतो. पूर्ण वाढलेला ऑस्कर टँकमध्ये साधारण बारा इंचांचा. फ्लॉवरहॉर्न दहा ते बारा, जॅक डेम्प्सी आठ-नऊ, पॅरट आठच्या आसपास. 'क्लीनर' म्हणून दोन इंचांचा मिळणारा सकर दीड फुटापर्यंत जातो. आणि ज्याला आपण शार्क म्हणतो तो शार्क नाहीच. मेकाँग नदीतला तो पंगस; हॉटेलात 'बासा' म्हणून प्लेटमध्ये येतो तोच. हा मीटरभराच्याही पुढे वाढतो! शार्क सोडून उरलेल्या सात माशांची लांबी जोडली तरी सहा फुटांच्या वर जाते. टँक अडीच फुटी. पुढचं गणित पहिल्या वर्षाच्या मुलांनीही करावं.

खरं तर लांबीची बेरीज हीसुद्धा फसवी आहे. 'इतक्या लिटरला इतके इंच मासा' असा एक नियम सगळीकडे फिरतो. तो गप्पीसारख्या बारक्या माशांना कसाबसा लागू पडतो, मोठ्यांना अजिबात नाही. मासा लांबीला सहापट झाला की रुंदीला आणि जाडीलाही साधारण सहापट होतो. म्हणजे दोन इंचांच्या पिलाचा बारा इंचांचा ऑस्कर झाला तर वजन सहाच्या घनाइतकं, २१६ पट! तो खातो जास्त, श्वास घेतो जास्त आणि घाण करतो तीही जास्त. पिलाकडे बघून टँक घेणं म्हणजे स्कूटर पार्क करायच्या जागेत बसचा डेपो काढणं.

लिटर नंतर, आधी लांबी-रुंदी

आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा टँकचा विचार थोडा आपल्या पद्धतीने करू. अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशा टँकमध्ये काठोकाठ भरलं तरी जेमतेम ८८ लिटर पाणी बसतं. पण लिटरच्याही आधीचा प्रश्न रुंदीचा आहे. बारा इंचांचा मासा बारा इंच रुंद टँकमध्ये वळणार कसा? तो वळतच नाही, अंग मुडपून कसाबसा फिरतो, तेही जन्मभर. म्हणून एका ऑस्करसाठी किंवा एका फ्लॉवरहॉर्नसाठी लांबी चार फूट आणि रुंदी दीड फूट ही किमान मर्यादा. चार बाय दीड बाय दीड म्हणजे नऊ घनफूट, साधारण २५५ लिटर. हे ऐषआरामाचं माप नाही, पास होण्यापुरते चाळीस मार्क आहेत. जॅग्वारला सहा बाय दोन बाय दोन लागतो, म्हणजे ६८० लिटर. त्यामुळे जॅग्वारचं नाव आपल्याकडे कोणी काढूच नये.

माझं मत चार बाय दोन बाय दीडला आहे. लांबी चार, रुंदी दोन, उंची दीड फूट. पाणी सुमारे ३४० लिटर. काही जण म्हणतात की रुंदीपेक्षा उंची वाढवा, दिसायला भारी. इथे फ्लुइड मेकॅनिक्सचा पहिला चॅप्टर आठवा. काचेवरचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो, मागे किती पाणी आहे यावर नाही. दीड फूट पाण्यात पुढच्या काचेवर एकूण जोर साधारण १२५ किलोचा येतो. उंची दोन फूट केली की तोच जोर सव्वादोनशेच्या घरात, कारण तो उंचीच्या वर्गाने वाढतो. रुंदी दोन फूट केली तर पुढच्या काचेवर एका किलोचाही फरक पडत नाही. माशाला वळायला जागा मिळते, हवेला लागून असलेला पाण्याचा पृष्ठभाग वाढतो म्हणजे ऑक्सिजन जास्त विरघळतो, आणि काच जाड करायचा खर्च वाचतो. एवढं सगळं एकाच वेळी सुधारणारं डिझाइन आपल्याला चार वर्षांत क्वचितच सापडतं!

वजनाचंही बघायला हवं. ३४० किलो पाणी, साठेक किलो काच, वर वाळू आणि स्टँड. सगळं मिळून साडेचारशे किलोच्या आसपास, आणि ते पाऊण चौरस मीटर जागेत. म्हणजे चौरस मीटरला सहाशे किलो. हॉस्टेलच्या खोल्यांसाठी आयएस ८७५ मध्ये धरलेला भार चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोचा. हे दोनशे सबंध खोलीभर धरलेले असतात हे खरं, तरी टँक स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, बीमच्या वर ठेवावा हे बरं. आपली कॉमनरूम तळमजल्यावर आहे हे नशीब. ज्यांना तिसऱ्या मजल्यावर आपल्या रूममध्ये 'पर्सनल टँक' हवा आहे त्यांनी आधी सिव्हिलच्या सरांना भेटून यावं.

पाणी कोण वाहणार?

टँक मोठा का हवा याचं खरं कारण डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. फिल्टरमधले जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन थोड्या प्रमाणातही विषारी, तिसरा त्यामानाने बरा, पण साचला की त्रासदायकच. नायट्रेट बाहेर काढायचा आपल्याकडचा एकमेव भरवशाचा उपाय म्हणजे बादली. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायचं धरलं तरी ३४० लिटरच्या टँकमधून सुमारे ११० लिटर. वीस लिटरच्या साडेपाच-सहा बादल्या. दर आठवड्याला, सबमिशन असो की ओरल. हे फक्त एका माशासाठी. यादीतले नऊ मासे ८८ लिटरमध्ये ठेवले तर मोठे झाल्यावर रोज पाणी बदलूनही ते पुरणार नाही. सह्या करणाऱ्यांपैकी किती जण बादलीला हात लावणार आहेत, त्यांची वेगळी यादी लावावी ही नम्र विनंती.

नवा टँक भरला आणि त्याच संध्याकाळी मासा सोडला, हा प्रकार तर चालणारच नाही. फिल्टरमध्ये हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. कोणाच्या चालू टँकमधला मुरलेला स्पंज मिळाला तर हे काम लवकर होतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपो, म्हणजे केमिस्ट्री प्रॅक्टिकलमधलं आपलं सोडियम थायोसल्फेट. आपलं बोअरचं पाणी अल्कधर्मी आहे. मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांना असं पाणी मानवतं, पण लक्षात ठेवा, अल्कधर्मी आणि गरम पाण्यात अमोनियाचं विष जास्त चढतं. आणि लाइट गेली तर? फिल्टर बंद, पाण्याची हालचाल बंद. बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप पहिल्या दिवसापासून टँकशेजारी हवा. त्याचे पैसे बजेटमध्ये आत्ताच धरा.

रूम पार्टनरचा प्रश्न

आता मुख्य वाद. 'एवढा मोठा टँक आणि एकच मासा? बोअर होईल राव!'

आधी हे मासे भांडतात का ते समजून घेऊ. बहुतेक मासे अंडी सोडून निघून जातात. सिक्लिड तसे नाहीत. ते अंडी राखतात, पिलं सांभाळतात, आणि या मोठ्या जातींत हे काम नर-मादी दोघं मिळून करतात. पिलं वाढवायला सुरक्षित जागा लागते, म्हणून जागेवर हक्क सांगायचा, म्हणून शेजाऱ्याला हाकलायचं. ही त्यांची दुष्टाई नाही, संसार आहे. नदीत या भांडणाला शेवट असतो. दोघं कल्ले फुगवतात, रंग गडद करतात, जबड्यात जबडा अडकवून ओढतात. मग हरलेला पळून जातो आणि विषय संपतो. टँकमध्ये हरलेला पळतो तो चार फुटांवरच्या काचेपर्यंत. जिंकलेल्याच्या दृष्टीने तो अजून आपल्या हद्दीतच असतो. म्हणून मार थांबत नाही. सकाळी पाहावं तर शेपटी कुरतडलेला, खवले उडालेला मासा हीटरच्या मागे उभा. लोक म्हणतात, 'हा मासा फार खुनशी निघाला.' निघाला नाही, आपण दार बंद करून दिलं.

मग जोडी आणली तर? कॉनराड लोरेंत्स या शास्त्रज्ञाला प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी १९७३ साली नोबेल मिळालं. आक्रमकतेवर १९६३ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात सिक्लिडांच्या जोड्यांचं निरीक्षण आहे. शेजारी असेपर्यंत नर आपला राग त्यांच्यावर काढतो. शेजारी काढून घेतले की तो स्वतःच्या मादीवर उलटतो. म्हणजे जोडी सुखी ठेवायची तर मार खायला कोणीतरी तिसरा हवा. असा 'मार खाणारा' मासा आपण विकत आणायचा, आणि तोही रोज मेस संपल्यावर सगळ्यांनी बघावा म्हणून! हॉस्टेलमध्ये ॲडमिशन घेताना अँटी-रॅगिंगच्या अफिडेव्हिटवर सही करणाऱ्या आपल्याला ते शोभणार नाही.

काही अनुभवी मंडळी मलावीचा दाखला देतील. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले ते निळे-पिवळे, दगडावरचं शेवाळ खरवडणारे सिक्लिड मुद्दाम गर्दी करून ठेवतात. चार फुटी टँकमध्ये पंधरा-वीस. दादा कोणा एकाच्या मागे लागू शकत नाही, मार वाटला जातो. ही युक्ती खरी आहे, पण ते मासे चार-पाच इंचांचे. बारा इंचांच्या माशाला ही युक्ती लावायची तर मघाचा घन आठवा. अशी गर्दी करायला कॉमनरूममध्ये टँक नव्हे, स्विमिंग पूल लागेल.

तरीही सोबती हवेच असतील, तर नियम सरळ आहेत. जो तोंडात मावतो तो सोबती नाही, ते खाणं आहे. एकाच जातीचे, एकाच आकाराचे किंवा सारख्या रंगाचे दोघं नकोत, कारण तेच एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. सगळे लहान असताना एकदमच सोडावेत. जागा धरून बसलेल्याच्या टँकमध्ये नंतर आलेला नवा मासा पहिल्याच दिवशी मार खातो. नवा घालावाच लागला तर दगड, लाकूड सगळं हलवून मांडणी बदलावी, म्हणजे जुन्याचीही हद्द पुसली जाते. आणि भांडण पेटलं तर वेगळं करायला दुसरा टँक किंवा मधे घालायची जाळी आधीच तयार हवी. 'बघू तेव्हाचं तेव्हा' हे इथे चालत नाही. बघेपर्यंत एक मेलेला असतो.

या नियमांत ऑस्कर त्यातल्या त्यात बसतो. दादांमध्ये तो जरा मवाळ. सहा फुटी टँक असेल तर त्याच्याबरोबर पाच-सहा सिल्व्हर डॉलर छान राहतात. ते चपळ, चपटे, पाला खाणारे आणि त्याच्याच खंडातले. फ्लॉवरहॉर्न, रेड डेव्हिल आणि जॅग्वार यांना मात्र सोबती नाहीच. पॅरटला तर चावताही येत नाही. त्याला फ्लॉवरहॉर्नसोबत टाकणं म्हणजे हात बांधून रिंगणात उतरवणं. सकर रात्री ऑस्करच्या अंगावरचा बुळबुळीत थर चोखायला चिकटतो, शिवाय काच साफ करतो त्यापेक्षा घाण जास्त करतो. काच आपण घासू, हात आहेत.

'एकच मासा बोअर' म्हणणाऱ्यांनी मोठा झालेला ऑस्कर पाहिलेला नाही, एवढंच मी म्हणेन. तो खाणं देणारा माणूस ओळखतो. लांबून आलेला दिसला की काचेला येऊन शेपटी हलवतो, हातातून खातो. आपण सजवलेली वाळू रातोरात उपसून कोपऱ्यात ढीग करतो, प्लॅस्टिकचं झाड उपटून टाकतो. आपण परत लावतो, तो परत उपटतो. नऊ घाबरलेले मासे बघण्यापेक्षा एक निर्धास्त मासा बघणं केव्हाही भारी. आणि 'त्या अमक्या व्हिडिओत सगळे एकत्र आहेत की' म्हणणाऱ्यांनी त्या टँकचे लिटर विचारावेत, आणि तो व्हिडिओ वर्षभरानंतर परत बघायला मागावा.

सुट्टी, पाहुणचार आणि तळं

तीन गोष्टी घाईत राहून जातात म्हणून सांगतो.

पहिली सुट्टी. मे महिन्यात विंगचं मेन स्विच बंद होतं. मोठा ऑस्कर आठवडाभर उपाशी सहज राहील, पण फिल्टर एक दिवसही बंद राहून चालणार नाही. कॉमनरूमची लाइन वेगळी ठेवायला रेक्टर सरांची परवानगी लेखी हवी. ३५ वॅटचा फिल्टर महिन्याला पंचवीसेक युनिट खातो. हे सरांना आत्ताच सांगितलेलं बरं. वॉचमनकाका खाणं घालतील, पण त्यांना आधी विचारा, गृहीत धरू नका. आणि प्रत्येक वेळच्या खाण्याच्या छोट्या पुड्या करून द्या. काका मायाळू आहेत; डबा हातात दिला तर प्रेमानेच माशाचा जीव जाईल.

दुसरी पाहुणचार. फरसाण, चपाती, ऑम्लेटचे तुकडे टँकमध्ये जाणार नाहीत. 'मजा बघू' म्हणून जिवंत गोल्डफिश सोडणं तर बंदच. त्यात क्रूरपणा आहे हे एक, आणि गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं हे दुसरं. असं खाणं सतत दिलं तर मोठ्या माशाला बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं. मोठ्या सिक्लिडसाठीचे गोळे दुकानात मिळतात, तेच मुख्य अन्न.

तिसरी तळं. टँक पुरेना की कोणीतरी पुण्यवान म्हणणार, 'कॉलेजमागच्या तळ्यात सोडू, मुक्त होईल.' चिलापी भारतात १९५२ साली आणली गेली. मूळची आफ्रिकेतली, आज आपल्याकडे जागोजागी पसरली आहे. इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या मतानो सरोवरात फ्लॉवरहॉर्न शिरला. जगात दुसरीकडे कुठेही नसलेले मासे त्या सरोवरात आहेत, आणि त्यांच्यापुढे आता हा माणसाने बनवलेला दादा उभा आहे. कोलकात्याच्या पाणथळींमध्ये सकर पोचला. तळ्यात सोडणं म्हणजे मुक्ती नाही, आपली अडचण दुसऱ्याच्या घरात ढकलणं. न पेलणारा मासा दुकानात परत द्यावा किंवा मोठा टँक असलेल्या कोणाला द्यावा. त्याहून सोपं म्हणजे तो आणूच नये.

मग करायचं काय?

माझा प्रस्ताव असा. टँक चार बाय दोन बाय दीड, भक्कम स्टँडवर, भिंतीलगत. फिल्टर मोठा. मासा एक, ऑस्कर, दोन-तीन इंचांचा. पहिले सहा आठवडे टँक रिकामा चालवायचा. लोक हसतील, हसू द्या. आठ माशांचे पैसे वाचतील ते मोठ्या काचेत घाला. एवढा टँक बजेटमध्ये बसत नसेल, किंवा सहा बादल्या वाहायला चार नावं मिळत नसतील, तर दादा मासा नको. त्या अडीच फुटी टँकमध्ये गप्पी ठेवा, पंधरा-वीस. तेही सुंदर दिसतात आणि सुखाने राहतात. यात कमीपणा काही नाही. छोट्या टँकमध्ये छोटे मासे हा समजूतदारपणा आहे. छोट्या टँकमध्ये मोठे मासे ही हौस नाही, कैद आहे.

शेवटी एकच हिशेब. आपली डिग्री चार वर्षांची, केटी लागली तर पाच. नीट ठेवलेला ऑस्कर दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. म्हणजे आज सह्या करणारे आपण सगळे इथून जाऊ, नोकऱ्या धरू, लग्नं करू, आणि तो मासा इथेच असेल. आज शाळेत शिकणारी पोरं तेव्हा त्याचं पाणी बदलत असतील. आपण घेतलेला टँक लहान असेल तर त्याची किंमत मासा आणि ती पोरं भरणार, आपण नाही. म्हणून टँकसोबत एक वही ठेवा. त्यात पाणी कधी बदललं, खाणं किती, फिल्टर कधी धुतला ते लिहा, आणि दरवर्षी ती ज्युनिअर्सच्या हातात द्या. ती वही भरायची तयारी असेल तर मासा आणू. माझी सही मग पहिली असेल, आणि बादली उचलणाऱ्यांच्या यादीतही.

(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)